वरम या शब्दाचा तर्जुमा

आयुष्यभर मी कोर्टात तर्जुमे केले. एकेका शब्दावरून वकिलांशी हुज्जत घालणारा म्हातारा अशी माझी ख्याती होती. आणि बायकोच्या दुखण्यात एकच शब्द आला, तिथे माझी दातखीळ बसली.

तिच्या स्तनातली गाठ काढून वर्ष झालं होतं. खोकला जाईना म्हणून मलकपेठच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्क, भला माणूस. स्कॅन बघून दखनी उर्दूत म्हणाले, "फेफड़े में वरम है अम्मा, घबराव नक्को."

उर्दूत वरम म्हणजे सूज. पण बायको गौलीगुड्यात तेलुगू शेजारात वाढलेली, उर्दू तिला भाजी घेण्यापुरतीच येते. आणि तेलुगूत वरम म्हणजे वरदान. तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "बघा, डॉक्टरसाब स्वतः वरम म्हणतायत. तुमचंच मेलं तोंड सदा आंबट," ती म्हणाली.

तिला बाहेर बसवून मी डॉक्टरांना विचारलं, सूजच ना, उतरेल ना? त्यांनी नकारार्थी मान हलवली. रोग फुप्फुसात पोचला होता. जखम भरायला, जंतू मारायला ज्या पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यांतल्याच काहींना हा रोग फितवतो, असं त्यांनी समजावलं. मग सुजलेल्या जागी त्याच त्याला वाट करून देतात, रुजू देतात. म्हणजे तिचं शरीर बरं होण्यासाठी धडपडत होतं आणि तो त्या धडपडीवरच पोसला जात होता. मला भयंकर संताप आला, पण काढणार कुणावर?

"बेटी को बुला लेव," ते म्हणाले. "जल्दी."

आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला. ती मात्र विद्यानगरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना आपलं वरम सांगत फिरली. दोन घास जास्त जेवायला लागली. ते बघून माझी हिंमतच होईना. भित्रा म्हणा हवं तर, मी भित्राच आहे.

रविवारी मुलीचा परदेशातून फोन आला. यायचं म्हणत होती.

"कशाला धावत येतेस? डॉक्टर चांगलं म्हणालेत. पोरांच्या परीक्षा होऊ देत, उन्हाळ्यात ये," बायको म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, पक्का ना? तिकीट काढू की नको?"

बायको समोर बसून माझ्याकडे हसत बघत होती.

"उन्हाळ्यातच ये," मी म्हणालो.