उजेडरावांची तक्रार

वीजखात्यातल्या त्या वायरमनला सगळे उजेडराव म्हणायचे आणि त्यांनाही ते नाव मनापासून आवडायचं. तीस वर्षं खांब चढून त्यांनी निम्मं शहर उजळलं होतं. नवे पांढरेशुभ्र एलईडी आले तेव्हा तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. पहिला दिवा त्यांनी हौसेनं आपल्याच गल्लीत बसवला, नेमका स्वतःच्या झोपायच्या खोलीसमोर.

त्या रात्रीपासून झोप उडाली. जाड पडदा लावला, तर कडेनं उजेड घुसायचा. बायको डोळ्यांवर मफलर बांधून निजायची.

"आयुष्यभर दिवेच लावलेत तुम्ही," ती म्हणाली, "पण असा नव्हता लावला!"

पंधराव्या दिवशी जांभया देत उजेडराव आपल्याच कार्यालयाच्या तक्रार खिडकीपुढे उभे राहिले.

"दिवा बंद आहे की लुकलुकतोय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं. फॉर्मवर तेवढेच रकाने होते.

"चालू आहे."

"मग तक्रार काय?"

"तीच."

बाईंना हसू आवरेना. शेवटी 'इतर'वर खूण करून त्यांनी कागद पुढे पाठवला. चार दिवसांनी तो शिक्के घेऊन त्या भागाच्या वायरमनकडे, म्हणजे उजेडरावांच्याच टेबलावर आला: 'पाहणी करून अहवाल द्यावा.'

उजेडरावांनी गंभीरपणे घरी जाऊन पाहणी केली. तक्रारदाराच्या पत्नीची साक्ष घेतली. ती जरा लांबली. मग अहवालात लिहिलं, 'तक्रारदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे.'

साहेबांनी सही केली. उजेडरावांनी दिव्याचं तोंड खाली वळवलं, वर पत्र्याची टोपी बसवली. उजेड रस्त्यावर पडला, खोलीत अंधार झाला. बातमी गल्लीभर पसरली आणि महिन्याभरात 'इतर'च्या अठरा तक्रारी आल्या. उजेडरावांनी अठराही खांबांना टोप्या घातल्या. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी उजेड कमी करण्यात एवढा उत्साह येईल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. अर्थात, स्वप्नं पडायला मधे झोप होती कुठे?

शेवटची टोपी बसली त्या संध्याकाळी जेवणं उरकून दोघं गच्चीवर गेली.

"ती बघ चांदणी!" उजेडराव म्हणाले.

"अहो, ती चाललीय. विमान आहे ते."

"बरं, मग ती बघ."

ती मात्र हलत नव्हती. खात्री करायला म्हणून दोघं बराच वेळ बघत बसली.