ताईच्या पार्लरचा डावा हात

ज्या क्रीमनं माझा हात लाल होतो, ते विकणारा आधी कुणाच्या हाताला लावून बघतो? एजंटला विचारलं, दुकानदाराला विचारलं. दोघांनीही डबी पुढं सरकवली आणि भाव सांगितला!

ताई जाऊन महिनाही झाला नाही. सेलूत चार बायका भेटल्या की तिच्या पार्लरचा एक किस्सा निघतोच, आणि प्रत्येकात माझा डावा हात असतोच.

*

ताई केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. मी सातवी नापास. पार्लर उघडलं त्याच दिवशी म्हणाली, "हात दे."

"कशाला?"

"कोपराच्या आतलं कातडं गालासारखंच नाजूक असतं. आधी तिथं लावायचं, उद्यापर्यंत थांबायचं, मगच बाईच्या तोंडाला."

दुसऱ्या दिवशी हात बघून मी ओरडायचो, "पास!" नाहीतर "नापास!" शाळेनं मला जे केलं, ते मी अख्ख्या कंपन्यांना करायचो!

*

एकदा एजंट आला. "मॅडम, आठ दिवसांत गोरं!"

"यात काय काय हाय?" ताईनं विचारलं.

"सगळं नॅचरल."

"गोरं करायच्या क्रीममधला पारा पण नॅचरलच असतो, भाऊ. खाणीतून निघतो. आधी तुमच्या तोंडाला लावा, आमी बघतो."

तो पाणीसुद्धा न पिता गेला. ताई म्हणाली, "लय गोरा झाला बघ, भीतीनं!"

*

गंगाखेडची एक नवरी होती. तिच्या आईला लगेच रंगणारी काळी मेंदीच पाहिजे होती. ती पुडी आदल्या दिवशीच माझ्या हातावर लागलेली.

"नापास," ताई म्हणाली.

"अवो, लग्न उद्या हाय! काही होत न्हाई!"

मी बाही वर केली. कोपरात टरारून फोड आले होते. आईनं वाकून फोड बघितले. मग हळूच म्हणाली, "साधीच काढा."

लग्नात त्या माउलीनं मला पंगतीत फिरवून सगळ्या पाहुण्यांना माझा हात दाखवला. बुंदी दोनदा वाढली!

*

एक क्रीम आम्ही कित्येक वर्षं वापरायचो. एक दिवस ताईनं त्यातल्या एका केमिकलबद्दल नवीन काहीतरी वाचलं, आणि सगळ्या डब्या बाहेर काढल्या. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक, भडकल्या. "इतकी वर्षं लावलं, मेले का मी?"

"बाई, पुस्तक बदललं की तुमी जुनंच शिकवता का?"

बाई पुन्हा खुर्चीत टेकल्या. मीच म्हणालो, "ताई, पण काल तर पास होतं!"

"काल माहीत नव्हतं. आज माहीत झालं. आता पुन्हा परीक्षा."

*

ताप डोक्यात गेला आणि ताई गेली. दवाखान्यातून घरी आणली. बायकांनी हिरवी साडी नेसवली. बोरीच्या काकूंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कुंकू मागवलं. नवी पुडी. वर काहीच छापलेलं नव्हतं.

काकूंनी चिमूट उचलली आणि मी त्यांचा हात धरला.

"थांबा."

डावी बाही वर केली. कोपराच्या आत कुंकू चोळलं आणि ताईजवळ बसलो.

"काय करायलास रे? माणसं खोळंबली हायेत!"

दाजी दारातून म्हणाले, "बसू द्या त्याला."

उद्यापर्यंत थांबता येणार नव्हतं. अंगणातलं ऊन पायरीवर येईपर्यंत थांबलो. मग कुंकू पुसून हात नीट बघितला.

ताईच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "पास."