नवरदेव मेला, अर्थात प्रेमाने

आमच्या आत्याबाईंनी जयपुरात एका नवरदेवाला भर वरातीत मेलेला ठरवलं आणि त्याचा हिंदी अनुवाद मी केला.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ह्यांना तिथल्या कॉलेजात नोकरी लागल्यामुळे आम्ही बनी पार्कात राहत होतो. ह्यांच्या आत्याबाई राजापूरहून महिनाभरासाठी आल्या होत्या. शेजारच्या भाभीजींचा मुलगा विकी आत्याबाईंना रोज फाटकापासून हात धरून आत आणायचा, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर फार जीव. आता त्याचंच लग्न होतं. साफा, तलवार, गळ्यात मोत्यांच्या माळा अशा थाटात विकी घोडीवर बसला. बँडवाले दुसरं गाणं धरायला थांबले आणि नेमक्या त्या शांततेत आत्याबाईंचा खणखणीत आवाज घुमला,

"मेल्या, काय देखणा दिसतोस रे!"

भाभीजी कौतुकाने माझ्याकडे वळल्या. "मासीजी क्या बोलीं?"

"आशीर्वाद दिया" म्हणून मोकळं व्हायचं की नाही? पण मी शाळेत हिंदीच्या परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली! (वर्गात दोघीच होतो, हे अलाहिदा.)

"जी, 'मेल्या' मतलब... मरा हुआ."

बँडवाल्याने ओठांना लावलेली पिपाणी तशीच खाली घेतली.

"नहीं नहीं," मी घाईघाईने सावरलं, "प्यार से मरा हुआ."

हे ऐकून नवरीकडून आलेला माणूस दोन पावलं मागे सरकला. विकीचे ताऊजी, म्हणजे थोरले काका, मिशा थरथरवत पुढे आले. "छोरे को घोड़ी से उतारो. अपशकुन हो गया."

विकी उतरला. घोडीवर चढलेला नवरदेव खाली उतरणं हा त्याहून मोठा अपशकुन, असं कुणीतरी म्हणालं. मग तो पुन्हा अर्धा चढला. एक पाय रिकिबीत आणि एक जमिनीवर, अशा अवस्थेत त्याने विचारलं, "आंटी, मैं करूँ क्या?"

ताऊजी आत्याबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "मासीजी, अपने शब्द वापस लीजिए."

आत्याबाईंना हिंदीचा गंध नव्हता. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतोय गो हा मेला?"

'मेला' एवढं ताऊजींना आता बरोबर कळलं. "मुझे भी?"

"जी, आपको भी," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

शेवटी मी ह्यांना पुढे ढकललं. हे प्राध्यापक. त्यांनी चष्मा नीट केला आणि सांगितलं, "देखिए, शब्द मृत है, पर अर्थ जीवित है." यानंतर ज्यांना थोडंफार कळलं होतं, त्यांनाही काही कळेनासं झालं. भाभीजी रडू लागल्या.

तेवढ्यात ओट्यावर खुर्चीत बसलेल्या विकीच्या दादींनी विचारलं, "काँई कह्यो?" त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ताऊजींनी सगळं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. दादी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. ताऊजींचा कान धरून म्हणाल्या की, मरज्याणा (म्हणजे त्यांच्याकडचा 'मेल्या'च!), तुला मी जन्मभर दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली? आपल्या माणसाला आपणच मेला म्हणून ठेवायचं. यम आला तर त्याला वाटतं, इथलं काम झालेलं आहे, आणि तो पुढच्या घरी जातो.

मी हे आत्याबाईंना मराठीत सांगितलं. (या खेपेला अनुवाद जमला.) "मग काय तर!" म्हणत त्यांनी विकीच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. विकी पुन्हा घोडीवर चढला, बँड सुरू झाला. ताऊजी मात्र रेंगाळले. आत्याबाईंपुढे मान झुकवून हळूच म्हणाले, "मासीजी, मुझे एक बार और बोल दीजिए."

वरात कोपऱ्यावरून वळली आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. लग्न होऊन मला आठ वर्षं झाली होती. आत्याबाई दूधवाल्याला मेला म्हणत, मांजराला म्हणत, ह्यांना तर उठता-बसता म्हणत. मला मात्र एकदाही नाही.

घरी येताना मी धीर करून विचारलंच, "आत्याबाई, तुम्ही मला कधी 'मेले' म्हणत नाही ते?"

आत्याबाई थबकल्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून शांतपणे म्हणाल्या, "माया असली म्हणजे शाप लागत नाही, सुधा. तुझ्या बाबतीत उगाच परीक्षा कशाला बघा?"