पाणी थिरू द्या

दुपारच्या सुट्टीत शाळेत फोन आला, "गुरुजी, तात्या गेले." मी वेड्यासारखं "कुठं?" असं विचारलं... महिना होऊन गेला, तरी कळसच्या माळाकडेनं जाताना माझी मोटारसायकल आपोआप हळू होते.

तात्या त्या माळावर वनखात्याचे रोजंदारीवरचे मजूर. काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात तो माळ पेटला. गवत, बाभळी, पाखरांची अंडी, सगळं गेलं. ऊस तुटल्यावर मी माळाखालच्या माझ्या रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवलं होतं. सगळेच पेटवतात. वारा फिरला आणि आग बांध ओलांडून वर माळावर चढली. गावात कुणी विडीला दोष दिला, कुणी मेंढक्यांना. पोरांना शिकवतो ती 'हाताची घडी, तोंडावर बोट' त्या दिवशी मी स्वतःच पाळली.

चौथ्या दिवशी तात्या दारात उभे. "गुरुजी, ऱ्हायलेलं पाचट जाळू नका. मला पायजे." उतार उघडा पडला होता. वळवाची एक सर आली असती, तर राख आणि माती थेट खालच्या तळ्यात गेली असती, आणि जनावरं पितात ते त्याच तळ्याचं पाणी. पाचट उताराला आडवं अंथरायचं, वर दगड ठेवायचे, माती तिथंच अडवायची. ओळ समपातळीत यावी म्हणून त्यांच्याकडे पाण्यानं भरलेली एक लांब नळी होती. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. पहिली ओळ आखताना मला ते नेमके माझ्या बांधाशी उभं करायचे, आग वर गेली तिथं. "थांबा, पाणी थिरू द्या," म्हणायचे. दोन्ही टोकांतलं पाणी हलायचं थांबलं, की पातळी कळायची; तोवर आम्ही एकमेकांकडे बघत उभे. पाचट वर्षभरात कुजायचं, म्हणून पुढं दर उन्हाळ्यात हेच. दर वेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. सांगितलं नाही. भ्याड होतो, दुसरा शब्द नाही.

तेराव्याला तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, ती नळी माझ्या हातात दिली आणि मला राहवेना. "काकू, ती आग..."

"ठावं हाय. त्यांनी पयल्याच दिवशी वळखलं हुतं."

"मग बोलले का नाहीत?"

"म्हणायचे, बोललो तर गुरुजी लाजंनं माळावर यायचे न्हाईत. आन् नळीला दुसरं माणूस लागतंय."

परवा नळी भरून माळावर नेली. तात्यांचं टोक एका काठीला बांधलं आणि मी माझ्या जागी, बांधाशी उभा राहिलो. "तात्या, आग मी लावली होती," मोठ्यानं म्हणालो. पाणी काही केल्या थिरेना... काठी तर हलत नव्हती, मग मी माझं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि थांबलो.