नीलमानं गेलेली आई

ती घटना आठवायला मला काही करावं लागत नाही. दाढी करताना आरशात मिशी दिसली की आपोआप आठवते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी सांगलीत जमादार होतो. शाळा चौथीपर्यंत. शिपायापासून चढत गेलो ते कुणाच्या चिठ्ठीवर नाही. माझा पंचनामा कोर्टात कधी पडला नाही, हे अजून छाती पुढं काढून सांगतो.

एक दिवस रत्नांचा एक व्यापारी फिर्याद घेऊन आला. त्याच्या तिजोरीतला नीलम जाऊन तिथं निळी काच आली होती. भिंग माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "बघा जमादार, काचेत गोल बुडबुडे दिसतात. खऱ्या नीलमात रंगाच्या सरळ रेघा असतात. आणि खरा खडा गार लागतो, काच हातात लगेच ऊब धरते." मी बघितलं. बुडबुडे होते.

संशय त्यानं आपल्याच मुनिमावर घेतला. त्यालाही कारण होतं. नीलम हा शनीचा खडा. मानवला तर राजा करतो, बाधला तर घर बुडवतो, अशी लोकांची समजूत. म्हणून गिऱ्हाईक तो ओळखीवर आधी घरी नेतं, उशाखाली ठेवून झोपतं आणि वाईट काही घडलं तर परत आणून देतं. हा खडाही असाच परत आला होता. कुपवाडला लेथचं वर्कशॉप असलेल्या एका गड्यानं तो नेला होता. परत देताना म्हणाला, "शेठ, खडा बाधला. आई गेली." बाधलेल्या खड्याला व्यापारीसुद्धा हात लावत नाही. त्यानं तो न बघताच मुनिमाकडून दुधात टाकवला, फडक्यात बांधवला, तिजोरीच्या तळाशी ठेववला. पुढं दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी पुडी सोडली तर काच. मधे हात फक्त मुनिमाचा.

मुनीम म्हातारा, बिनलग्नाचा, दुकानाच्या माळ्यावर राहणारा. सायबांचा हुकूम झाला, "जमादार, रिमांड संपायच्या आत कबुली पाहिजे." मी म्हणालो, कबुली मिळेल, खडा मिळायचा नाही. साहेब चिडले. चिडू देत.

कोठडीतल्या माणसाला कोण डबा आणतं, हे मी आधी बघायचो. अट्टल चोरालासुद्धा बहीण नाहीतर बायको भाकरी आणते. ह्याला कुणी आणली नाही. मी पण तेव्हा एकटाच, बायको जाऊन वर्ष झालेलं, पोरगा आजोळी. माझ्या खाणावळीच्या डब्यातलं त्याला द्यायचो. जेवता जेवता तो तेच तेच सांगायचा.

"साहेब, मी त्या गिऱ्हाइकाला पाणी दिलं हो. आई गेलेला माणूस. फेटा बांधून, मिशीवरनं बोट फिरवत गप बसला होता. मलाच भरून आलं."

माझा घास हातात राहिला. "काय फिरवत होता?"

"बोट. मिशीवरनं."

आमच्याकडं आई गेली की लेकाचं डोकं आणि मिशी उतरते. शेठला फेटा दिसला, अपशकुन दिसला, मिशी दिसली नाही.

मी साताऱ्याच्या ठाण्यात जुन्या जोडीदाराला फोन लावला. तो हसला, "आरं गड्या, हितं पेठंत बी एकाची आई नीलमानंच गेली की!" तिथल्या व्यापाऱ्यानं तर पुडी सोडलीच नव्हती. माझ्या फोननंतर सोडली, तर काच. पण ओळखीवर खडा दिलेला असल्यानं गिऱ्हाइकाचं नाव-गाव त्याला ठाऊक होतं. नाव आमच्या कुपवाडवाल्याचंच, गाव खंडाळ्याकडचं.

साध्या कपड्यात त्या गावाला गेलो. उंबऱ्यात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी लेकाचं नाव घेतलं.

"आवं, माज्या पोराकडनं आलाय व्हय? बसा की. लय दिस झालं, आला न्हाई. काम लय असतंय म्हनं त्याला." दारात दुसरं कुणी नव्हतं. माझं पाणी पिऊन होईतो तिनं भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधली. "एवढं द्या त्याला. म्हनावं, म्हातारी अजून हाय."

मी कोण, हे मला सांगवलं नाही.

कुपवाडहून त्याला ठाण्यात आणला. मिशीला पीळ देत म्हणाला, "साहेब, घरात सुतक हाय. जरा मानुसकी ठेवा."

मी काठी घेतली नाही. गाठोडं टेबलावर ठेवलं. "निरोप हाय तुला. म्हातारी अजून हाय म्हनावं."

तो त्या गाठीकडं बघत राहिला. मिशीवरचा हात खाली आला. मग म्हणाला, "ग्रीसच्या डब्यात हायत." पंचांसमोर डबा उपसला, दोन्ही नीलम निघाले. पुसले, तर तळहाताला गार.

मुनीम सुटला. शेठ त्याला न्यायला टांगा घेऊन आला होता. मुनीम म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं." आणि एकटाच स्टँडकडं चालत गेला. दुकानात तो परत चढला नाही.

मी फौजदार होऊन निवृत्त झालो. साताऱ्यात एकटाच राहतो, पोरगा फौजेत लांब. एका दुपारी दार वाजलं. उघडलं, तर तोच, शिक्षा भोगून सुटलेला. डोकं तासलेलं, ओठावर मिशी नाही.

"आई गेली, साहेब."

मी बाजूला झालो, त्याला आत घेतलं.

"सांगलीत ज्याला सांगावं त्यो हसतोय. म्हनतोय, आता कुठला खडा उचललास? तुमी तिला बघितली हुती, म्हनून आलो."

खोटं पकडायला मी उभी नोकरी घालवली. पण खरं सांगायला आलेल्या माणसाला एक तरी दार लागतं, हे मला कुठल्या साहेबानं शिकवलं नव्हतं. ते त्यानं शिकवलं. चहा ठेवला. मग तो म्हणाला, "तवा ती काय म्हनली हुती, परत एकदा सांगा की."

मी तिच्याच आवाजात सांगितलं, "म्हनावं, म्हातारी अजून हाय."