चिखलदऱ्याचा बर्फ

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मागं आमच्या साडूनं हाच किस्सा ऐकताना अख्खा घोट माझ्या धोतरावर उडवला होता!

मी तेव्हा अकोल्याच्या एका शाळेत मास्तर. विषय भूगोल. हो, भूगोलच! म्हणजे पुढं जे झालं त्याला माफी नाही, हे आत्ताच समजून घ्या.

एकसष्ट-बासष्ट साल असेल. अकोल्याचं ऊन काय सांगावं! कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसतो. आमच्या हिनं, सुमननं, सुटी लागली की पोरांना घेऊन वलगावला माहेरी जायचं ठरवलं होतं. तिची धाकटी बहीण तीन वर्षांनी यायची होती. पण मला त्या वर्षी हवापालटाची खाज सुटली.

कारण काय, तर एक कॅलेंडर! घड्याळांच्या दुकानात टांगलेलं. आल्प्स पर्वत, पांढराशुभ्र बर्फ, आईबाप आणि पोरं पायाला फळ्या बांधून उतारावरून घसरताहेत, आणि मागं चार पावलांवर त्यांचं उतरायचं घर. दाराबाहेर पडलं की घसरगुंडी! मी रोज शाळेतून येताना त्या चित्रापुढं उभा. दुकानदाराला वाटलं, मास्तर घड्याळ घेणार!

आता आल्प्स काही आपल्या आवाक्यातला नव्हे. मग आपला आल्प्स कोणता? चिखलदरा!

तिथं आपटे म्हणून एक पुण्याचे गृहस्थ खोल्या भाड्यानं देत. त्यांना मी लांबलचक पत्र लिहिलं. लेकुरवाळ्यांची सोय आहे का? उतार खोलीपासून किती लांब? थंडी कितपत? उत्तर आलं: 'सोय उत्तम. उतार दाराशीच. हवा इतकी थंड, की येथे बर्फ पडून राहिला आहे.'

मी नाचायचाच बाकी राहिलो.

"सुमन, पाह्य! बर्फ पडून राहिला!"

"चिखलदऱ्यात? वैशाखात?"

"मंग! हे काय, लिवलं हाय ना."

"पण तुमीच तं पोरायले शिकवता, बर्फ हिमालयात पडते म्हणून!"

"ते पुस्तक जुनं हाय," मी म्हणालो.

बोला! आहे का यावर उत्तर?

बहिणीला 'येत नाही' म्हणून कार्ड टाकलं तिनं, आणि दोन दिवस माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली.

मी मात्र पेटलेला. सुताराकडून पाच जोड फळ्या करून घेतल्या, पुढून बोटीसारख्या वळवलेल्या. सगळ्यांना स्वेटर, कानटोप्या. मूर्तिजापूरला छोट्या गाडीत बसलो तर फळ्या खिडकीतून हातभर बाहेर! समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, ह्या कायच्या फळ्या?"

"पायाले बांधून घसराच्या."

"घसराले फळ्या काहून लागते? आमी तं अशेच पडतो!"

सगळा डबा हसला. सुमन खिडकीबाहेर बघत होती.

परतवाड्याला मोटारीत बसताना मी हुकूम सोडला, "घाला स्वेटर! वरचा गारठा एकदम धरते!" पोरं घामानं निथळली. धाकट्यानं घाटात दोनदा ओकारी काढली. मी काच उघडू दिली नाही. थंडी आत येईल ना!

वर पोचलो. हवा छान गार होती, खोटं कशाला बोलू? पण बर्फ? डोंगर सगळा वाळक्या गवतानं पिवळा! एक म्हैस चरत होती.

आपटे हात जोडून बाहेर आले. आमच्या कानटोप्या पाहून दोन पावलं मागं सरले. "मुलांना गोवर वगैरे तर नाही ना?"

"गोवर नाही! बर्फ कुठं हाय?"

त्यांचा चेहरा उजळला. मला हाताला धरून मागच्या पडवीत नेलं, एका पेटीवरचं गोणपाट उचललं आणि लाकडाच्या भुशातली लादी दाखवली. "हा काय! सरबतासाठी परतवाड्याहून मागवला. पण या थंडीत कोणी विचारतच नाही हो. नुसता पडून राहिलाय!"

आता काय करता? त्यांच्या पुण्यात 'पडून राहिला' म्हणजे कोणी हात लावला नाही. आमच्या वऱ्हाडात 'पडून राहिला' म्हणजे वरून धो धो पडतोय! दोघंही मराठीच बोलत होतो ना?

सुमननं पोरांच्या कानटोप्या एकेक करून काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. बोलली असती तर परवडलं असतं.

मग मीही इरेला पेटलो. सकाळी सगळ्यांदेखत पायाला फळ्या बांधल्या. बर्फ नसला तर नसला, वाळलं गवतही निसरडंच असतं! तेवढं मात्र खरं निघालं. मी सुटलो तो थेट म्हशीच्या दिशेनं. ती शहाणी, बाजूला झाली. मी घाणेरीच्या झुडपात. उजवा घोटा भोपळ्याएवढा!

आपटे धावत आले ते लादी फोडूनच. घोट्यावर बर्फ धरता धरता त्यांचा आनंद मावेना. "चला, निदान कोणाच्या तरी कामी आला!"

तिसऱ्या दिवशी सुमननं सामान बांधलं. अमरावतीच्या मोटारीत ती पोरांना घेऊन पुढं बसली, मी लंगडत मागं. वलगाव आलं तशी उठली, पोरांना उतरवलं, ट्रंक उतरवली आणि पदर खोचून चालू लागली. फाट्यावर तिची बहीण उभी होती. सुमननं अकोल्याहून निघण्याआधीच तिला दुसरं कार्ड टाकलं होतं, 'तिसऱ्या दिवशी येते' म्हणून! मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही माझ्याकडं.

मोटार सुटायला आली. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, तुमाले कुठं उतराचं हाय?"

मी म्हणालो, "मले काय विचारता बाप्पा? बाई जिथं उतरल्या, तिथंच!"