एकेका खिळ्याचं छप्पर

भोईवाड्यातल्या दौलत सुताराला घाबरायला कारण लागत नसे. पोलिसांची गाडी दिसली की तो पानाच्या गादीआड सरके. चाळीचा जिना उतरताना कठडा सोडत नसे. गिरणीत जॉबरने, म्हणजे मुकादमाने, हाक मारली तर दुसऱ्या हाकेशिवाय तो जागचा हलत नसे. त्याची बायको रमाबाई सांगे, की लग्नात 'होय' म्हणायला यांनी इतका वेळ लावला की पाळकसाहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला, आणि वऱ्हाडी मंडळी बाकांवरून वाकून बघायला लागली. दौलत हे हसून ऐकून घेई, कारण ते खोटं नव्हतं.

पण त्याच्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही. नगरच्या मिशनच्या शाळेत तो सुतारकाम शिकला, मुंबईला आला आणि परळच्या एका गिरणीच्या सुतारखात्यात लागला. त्याने बसवलेलं दार कुरकुरत नसे, की पावसाळ्यात फुगत नसे. भित्रा माणूस एकेक सांधा तीनतीनदा चाचपतो, दुसरं काही त्यात नव्हतं.

पंचावन्न सालच्या दिवाळीआधी दर्यावर वादळ झालं आणि कफ परेडच्या मच्छीमारांची अर्धी वस्ती आडवी झाली. परळच्या मराठी चर्चने तरुण संघाची एक टोळी काढली. तरुण म्हणायचं ते नावाला; त्यात दोन आजोबा होते. चर्चने वर्गणी काढून पत्रे आणि वासे घेतले, आणि टोळी दर शनिवारी अर्धी पाळी संपली की हत्यारांच्या पिशव्या घेऊन ट्रामने तिकडे जाऊ लागली. खरं तर गिरणीकामगाराला मोकळा दिवस रविवारचा. पण चर्चचे जुने पंच शब्बाथाच्या बाबतीत कडक होते. रविवारी उपासना करा, आजाऱ्याला भेटा, हवं तर कोळीवाड्यात जाऊन वासे वाहा, पण प्रभूच्या दिवशी हातोडा उचलायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि तो नियम झाला.

वस्तीतल्या लोकांना ही मंडळी पहिल्या दिवसापासून खुपत होती. काम सुरू करण्याआधी सगळे गोल उभे राहून डोळे मिटून प्रार्थना करत, तेव्हा बायका पोरांना आत ओढून घेत. घर बांधून देतील आणि घरासकट बाटवतील, अशी कुजबूज होती. काशीबाई तेवढी पुढे आली. नवरा दर्याने नेलेली, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन अर्ध्या कुलाब्याशी भांडलेली ही बाई. तिचा मुलगा धर्मा होडीवर जाई. सून बकुळा बाळंत होऊन थोडेच दिवस झाले होते. काशीबाईने पाळकसाहेबांना तोंडावर विचारलं, की आमच्या देव्हाऱ्याला हात लावणार का. ते नाही म्हणाले. मग बांधा, म्हणाली. तिचं घर आधी उभं राहिलं तर बाकीचे धीर करतील, हे टोळीला ठाऊक होतं. त्यामुळे छपराचं काम दौलतकडे आलं. उंचीला घाबरणारा माणूस वर चढवायचा हा टोळीतला विनोदच होता, पण सरळ खिळा मारणारा दुसरा नव्हता.

तो शनिवार वाईट होता. आदल्याच दिवशी फोर्टात मोर्चावर लाठ्या चालल्या होत्या. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून गिरणगाव पेटलं होतं, आणि सोमवारी हरताळ पुकारला होता. दुपार कलली तशी वस्तीत बातमी आली, की फाउंटनला पुन्हा पोलीस जमलेत आणि ट्राम बंद पडणार. टोळीतले एकेक जण पिशव्या आवरू लागले. दौलत वर होता. दर्याकडची बाजू त्याने खिळून काढली होती. वस्तीकडच्या बाजूचे पत्रे नुसते मांडून झाले होते. घसरू नयेत म्हणून प्रत्येकाला नावापुरता एकेक खिळा मारला होता. अजून तासाभराचं काम होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे लाठ्या दिसू लागल्या, मग अंधारात चालत जाणारा तो स्वतः दिसू लागला, आणि हाताखालचा खिळा वाकडा गेला. तो खाली उतरला.

काशीबाई शिडीपाशी उभी होती. तिने विचारलं, "झालं का रं पक्कं?"

"झालं," दौलत म्हणाला. "पक्कं."

हे शब्द तोंडातून कसे गेले ते त्यालाही कळलं नाही. अर्धवट आहे म्हटलं असतं तर ती थांब म्हणाली असती, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. शेवटची ट्राम मिळाली. लालबागेपर्यंत त्याला बरं वाटलं, आणि तिथून पुढे कधीच वाटलं नाही.

रविवारी तो उपासनेला बसला. गीतं झाली, उपदेश झाला, आणि त्याच्या डोक्यात सारखे पत्रे मोजले जात होते. उठावं, जावं, खिळे मारून यावं. पण आज शब्बाथ, आज हातोडा नाही. हा नियम त्याला इतका सोयीचा कधी वाटला नव्हता. पाळकसाहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित परवानगी दिलीही असती. म्हणूनच त्याने सांगितलं नाही. संध्याकाळी चौपाटीवरची सभा उधळल्याची बातमी चाळीत आली, तेव्हा घरी असल्याबद्दल त्याला हायसं वाटलं आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली.

सोमवारी शहर बंद. गिरण्यांचे भोंगे वाजले, पण आत कुणी गेलं नाही. दुपारी गॅलरीत उभा असताना दौलतच्या अंगावर वारा आला. नोव्हेंबरात असा वारा येत नाही. समोरच्या दोरीवरची लुगडी आडवी झाली, कुणाच्या तरी खिडकीचं दार आपटलं. दौलतने कठडा घट्ट धरला. वस्तीकडून शिरलेला वारा एका खिळ्याच्या पत्र्याखाली घुसला तर काय होतं, हे मुंबईत त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. पत्रा आधी एका कडेने उठतो. मग खिळ्याभोवती फिरतो. खाली कोण झोपलंय ते तो बघत नाही.

त्याने पिशवी उचलली. रमाबाई दारात आडवी झाली. फाउंटनला गोळीबार झालाय, माणसं पडलीत, आणि तुम्ही निघालात कुठे, असं ती म्हणाली. दौलतने तिला सगळं सांगितलं. ती मग दारातून बाजूला झाली, आणि पिशवीतला हातोडा तळाशी घालून वर त्याचा सदरा दुमडून ठेवला. हातोडा घेऊन हिंडणाऱ्या माणसाला त्या दिवशी पोलिसांनी काय केलं असतं, ते दोघांनाही कळत होतं.

तो चालत निघाला. ट्राम नव्हती, बस नव्हती. भायखळ्याच्या पुढे रस्त्यावर दगड, काचा आणि जळका टायर. पोरांच्या घोळक्याने अडवलं. कुठला, काय, म्हणून विचारलं आणि घोषणा द्यायला लावली. दौलतने दिली. मुंबई महाराष्ट्राची, हे त्यालाही मनापासून वाटत होतं, पण त्या वेळी त्याचा आवाज भीतीने फुटला, आणि पोरांना तो आवेश वाटला. एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. फोर्ट टाळायचा म्हणून तो गिरगावातून चौपाटीवर निघाला आणि दर्याच्या कडेने चालू लागला. एक पोलिसांची गाडी मागून आली आणि त्याच्याजवळ येऊन हळू झाली. दौलत थांबला. त्याला पळायचं होतं, पण तो पिशवी छातीशी धरून उभाच राहिला. गाडी पुढे गेली. भित्रा नसता तर पळाला असता, आणि पळाला असता तर काय झालं असतं, कोण जाणे. उजव्या हाताला दर्या उसळत होता आणि त्याचा रंग काळपट झाला होता.

वस्तीत पोचला तेव्हा माणसं होड्या वर ओढत होती. काशीबाईचं घर उभं होतं. पत्र्यांचा आवाज मात्र येत होता, थांबून थांबून, दात वाजल्यासारखा. काशीबाई दारातून म्हणाली, आज कसा रं आलास, गोळ्या चालल्यात म्हणं. दौलतच्या तोंडून निघालं, काही नाही, सहज, एकदा बघून घेतो. तो शिडीला लागला. चार खिळे इकडे मारायचे, चार तिकडे, आणि कुणाला काही कळायचं नाही. आपली लबाडी झाकली जाईल, चर्चचं नाव राहील, ही माणसं पुन्हा कुजबुजणार नाहीत. तो अर्ध्या शिडीवर असताना आतून बाळ रडलं.

वारा आणखी वाढायच्या आत सगळे पत्रे खिळून होणार नाहीत, हे त्याला दिसत होतं. बाळ कुठल्या बाजूला निजवलंय, तेही आवाजावरून कळलं. तो शिडीवरच वळला. आता ही बाई काय करील, तिचा मुलगा काय करील, सगळी वस्ती धावून येईल का, हे सगळं एकदम मनात आलं.

"काशीबाई," तो म्हणाला, "मी खोटं बोललो. ह्या बाजूला एकेकच खिळा आहे. मी घाबरून पळून गेलो. बाळाला बाहेर काढा."

तिने त्याच्याकडे एकदा बघितलं. शिवी दिली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती आत गेली, बाळाला पदराखाली घेतलं, बकुळाला दंडाला धरून शेजारच्या घरात नेलं, आणि जाताना धर्माला ओरडून बोलावलं.

दौलत वर चढला. पहिल्या पत्र्याला खिळे बसले. दुसऱ्याला बसले. तिसऱ्यावर असताना वारा खाली शिरला, पत्रा त्याच्या गुडघ्याखालून उठला आणि खिळ्यांची पिशवी कलंडून खिळे खाली वाळूत विखुरले. आता खिळे नाहीत आणि पुढचे पत्रे उघडे. त्याच्यापाशी उरलं होतं ते स्वतःचं वजन, तेही फारसं नव्हतं. तो पत्र्यांवर पालथा पडला, हातपाय पसरले, आणि डोळे मिटले. प्रार्थना म्हणावी तर एकही शब्द आठवेना. 'आमच्या बापा' म्हणून तो तिथेच थांबे आणि पुन्हा सुरू करी.

खाली माणसांची धावपळ ऐकू आली. धर्मा त्याला उतर म्हणत होता. दौलतला उतरता येत नव्हतं. तो उठला की पत्रा उठणार. तेव्हा काशीबाईचा आवाज आला, जाळं आणा. वादळातून घराचं एकच जाळं वाचलं होतं, डोलीचं, दर्यात रोवून ठेवतात ते मोठं, वाळूवर पसरून ठेवलेलं. आठदहा जणांनी ते उचललं, एका दमात घरावर टाकलं, आणि दौलत त्याच्याखाली सापडला. दोरांना नांगरांचे दगड बांधले गेले, दोर खुंट्यांना आवळले गेले. ओलं, मासळीचा वास मारणारं जाळं त्याच्या पाठीवर घट्ट बसलं. त्याने बोटं जाळ्याच्या भोकांत रुतवली आणि धरून राहिला. पत्रे त्याच्या छातीखाली धडपडत होते. खालून कुणीतरी अधूनमधून त्याचं नाव घेत होतं, तो जिवंत आहे का बघायला, आणि तो प्रत्येक वेळी ओ देत होता. भीती कमी झाली नाही. एकदाही कमी झाली नाही. लोक सांगतात तसं धीराचं काही त्याच्या अंगात आलं नाही. तो शेवटपर्यंत तेवढाच घाबरलेला राहिला आणि तिथेच राहिला.

दिवेलागणीला वारा पडला. दोर सोडले तरी दौलत जाळ्यातून सुटेना. बोटं आखडून गेली होती, जाळ्याचा पीळ मनगटात रुतला होता, आणि हात लावला की तो कण्हत होता. धर्मा वर चढून एकेक बोट सोडवू लागला. काशीबाई खालून बघत होती. मग तिने कोयता मागितला आणि स्वतः शिडी चढली. धर्मा कळवळून म्हणाला, की आये, हे एकच जाळं उरलंय, थोडा दम धर, मी सोडवतो. तिने ऐकलं नाही. दौलतच्या दोन्ही हातांभोवतीचं जाळं तिने सपासप कापलं आणि त्याला ओढून काढलं.

खाली आणल्यावर तो रडू लागला. जाळं कशाला कापलंत, असं काहीतरी तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिने त्याच्या मनगटांना तेल लावलं आणि समोर भात वाढला. तो जेवेना, तेव्हा दरडावून जेववलं. बकुळा बाळाला घेऊन परत आली आणि दारातच बसली, आत जायचं की नाही ते न कळून.

शेवटी दौलतने विचारायचं ते विचारलं. चालत येताना त्याला लाठ्यांची इतकी भीती वाटली नव्हती.

"पुढल्या शनिवारी येऊ का?"

"ये की," काशीबाई म्हणाली. "पन जाताना खरं सांगून जा. कच्च्या घरात आमी पाळीपाळीनं जागं ऱ्हातो. वादळापासनं जागंच व्हतो. शनवारी तू पक्कं म्हनलास, म्हनून सगळी झोपलो."